चालू ठेवलेला कॉल

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

प्रितमचं नाव नाही!

दोनदा बघितलं. मग स्क्रिप्ट पुन्हा चालवली, जणू पहिल्या वेळी ती दमून चुकली असेल. तेच. त्याचे सगळे सर्व्हर ‘मालक नाही’ या मथळ्याखाली आले.

स्क्रिप्ट, म्हणजे हा छोटा प्रोग्रॅम, माझाच, त्यामुळे तिला शिव्याही घालता येत नाहीत. कंपनीने भाड्याने घेतलेले सर्व्हर कुठल्या तरी गोदामात असतात. मी ते पाहिलेले नाहीत, पाहणारही नाही. लोणावळ्यातल्या या खोलीत बसून काळ्या खिडकीत ओळी टाइप करते आणि ते उठतात, झोपतात. प्रत्येक सर्व्हरवर तो वापरणाऱ्याचं नाव लावायचा आमच्याकडे नियम आहे. दर सोमवारी स्क्रिप्ट ती नावं कर्मचाऱ्यांच्या यादीशी ताडून बघते. नाव यादीत नसेल तर सर्व्हर बंद करायचा, आणि आठवड्याने कायमचा पुसायचा. पहिली फेरी नुसती दाखवते, कशाला हात लावत नाही. मी ‘हो’ टाइप केलं की मग खरं काम.

म्हणजे कुणाला काढायचं ठरलं की त्याच्याआधी ते मला कळतं. मार्चमध्ये आमच्यातल्या राजेश्वरीचं असंच झालं. सोमवारी यादीतून नाव गेलं, गुरुवारी तिला फोन करून काढल्याचं सांगितलं. सत्यम सरांची ताकीद आहे — यादीतलं यादीत राहिलं पाहिजे. ‘बाहेर बोललीस तर पुढच्या सोमवारी तुझं नाव शोधावं लागेल,’ असं हसत म्हणाले होते. हसत का होईना, म्हणाले.

दहाला प्रितमचा नेहमीसारखा कॉल लागला. “मळवली लटकलंय,” म्हणाला. सर्व्हरना मी आमच्या लाइनवरच्या स्टेशनांची नावं दिलीयत. “मार धक्का,” मी म्हटलं. मळवली पुन्हा सुरू केलं त्याने. मग दोघं आपापल्या कामाला लागलो. ‘हो’ काही मी टाइप केलं नाही.

मंगळवार, ९

पुण्यातलं ऑफिस बंद करून सगळ्यांना घरून कामाला बसवलं, तेव्हापासूनची आमची ही पद्धत. दहाला कॉल लावायचा आणि सहापर्यंत चालू ठेवायचा. बोलायचं नाही. अडलं तरच विचारायचं. त्याच्या कीबोर्डचा आवाज येत राहतो. घोरावाडी स्टेशनात गाडी शिरली की तिचा भोंगा येतो. दुपारी कुकर, आणि मागून त्याच्या आईचा, हिरामावशींचा आवाज — “जेवतुस का न्हाई?” मग मी इकडे माझं ताट वाढून घेते. एकटी जेवतेय असं वाटत नाही.

माझ्या दिवसात माणूस म्हणून तेवढा एकच आहे. लिहून टाकलं एकदाचं! आई नाशिकला भावाकडे. घरमालकीण रतनबाई भिंतीपलीकडेच राहतात, पण शनिवार-रविवार भुशी धरणावर येणाऱ्या पर्यटकांनी त्यांच्या खोल्या भरल्या की त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते.

आज स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली : मालक प्रितम असेल तर सोडून पुढे जा. मग ‘हो’ टाइप केलं. बाकी सगळं साफ झालं. त्याचे सर्व्हर तेवढे राहिले. एवढ्याशा ओळीने त्याची नोकरी वाचणार नाही, हे मला कळतं. पण मी बंद केले नाहीत एवढं तरी.

बुधवार, १०

हिरामावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. प्रितम दुसऱ्या फोनवर दवाखान्याशी बोलत होता, ते सगळं ऐकू आलं. दसरा झाला की करायचं. कंपनीच्या विम्यावर! नोकरी गेली की विमाही गेला. तो बिचारा कागदपत्रं काय काय लागतील विचारतोय, आणि मी इकडे तोंडात गुळणी धरून बसलेय.

शुक्रवार, १२

सांगायचंच म्हणून म्यूट काढला. “काय गं?” म्हणाला. “काही नाही. आवाज येतोय का बघत होते.”

भित्री भागूबाई.

रविवार, १४

रतनबाईंकडे सासऱ्यांचं पितर होतं. पितृपक्षात पर्यटक कमी, म्हणून बाई आज मोकळ्या होत्या. खीर, वडे, आमटी, सगळं ताट घेऊन स्वतः आल्या आणि मी जेवेपर्यंत बसून राहिल्या. लॅपटॉप उघडाच होता.

“दिसभर ह्या काळ्या पाटीवर काय लिव्हतीस गं?”

“सर्व्हर बंद-चालू करते. म्हणजे मोठे कंप्युटर.”

“कुटं हैत?”

“मुंबईला, बहुतेक.”

“म्हंजी मुंबईचं बटन हितनं दाबायचा तुला पगार हाय? मंग माज्या मागच्या खोलीतली ट्यूब बी बघ की येकदा. चार दिस झालं फडफडतीया.”

हसले. किती दिवसांनी कुणाच्या समोर बसून हसले. मग त्यांनी विचारलं, “कोन बोलतं का न्हाई तुज्याशी?”

“बोलतात की. दिवसभर कॉल चालू असतो माझा.”

“मला तर कायबी ऐकू येत न्हाई,” म्हणाल्या. “भित येकच हाय आपली.”

मी म्हटलं, आमचं काम तसं असतं. ताट धुऊन परत दिलं. रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात साखर घातली. ट्यूबही बघितली. स्टार्टर गेलाय.

सोमवार, १५

व्हायचं तेच झालं. सत्यम सरांचा फोन. “प्रितमचे सर्व्हर अजून चालू कसे?”

स्क्रिप्टमध्ये काहीतरी गडबड आहे, बघते, असं सांगितलं. माझ्याच स्क्रिप्टवर आळ घेतला. सर म्हणाले, “पुढच्या सोमवारी बंद पाहिजेत. त्याचं काय ते मी बघतोय, तू सर्व्हर बघ.”

मी बघतोय म्हणे! माणसाला एक शब्द सांगायचा नाही, आणि सर्व्हर मात्र सोमवारी बंद पाहिजेत. दिवसभर तळपायाची आग मस्तकात. कॉल चालू होता. प्रितम मध्येच शीळ घालत होता. ते ऐकवेना, म्हणून पहिल्यांदाच मी आवाज कमी केला.

गुरुवार, १८

ठरवलं. सांगायचं. पण कॉलवर नाही. तो कंपनीच्या खात्यावरचा, कोण कुठे ऐकत असेल सांगता येत नाही. शनिवारी सरळ घोरावाडीला जायचं. सरांना कळलं तर माझीही नोकरी जाईल. जाऊ दे. आठवडाभर आधी कळलं तर त्याला ऑपरेशन तरी अलीकडे घेता येईल.

आणि खरं सांगायचं तर मला नुसती त्याची काळजी नाही. तो गेला की दहाला मी कुणाला कॉल लावू? संध्याकाळपर्यंत या खोलीत नुसता माझाच कीबोर्ड वाजणार. तो आवाज मला सहन होणार नाही. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितेय — मला त्याच्या नोकरीइतकीच माझ्या दहा वाजण्याची चिंता आहे.

शनिवार, २०

जाऊन आले.

सकाळची लोकल रिकामी होती. कामशेत, वडगाव, तळेगाव — सगळे माझे सर्व्हर एकेक करून मागे गेले. प्रितम दळण आणायला गेला होता. दार हिरामावशींनी उघडलं. आवाज इतका ओळखीचा, आणि चेहरा पहिल्यांदाच बघत होते.

“तूच व्हय ती फोनातली? ये, बस. आमचा प्रितम दिसभर तुज्याबरुबर असतो. मी कायबी बोलाय गेलं की हातानं गप करतो. फोन चालू हाय म्हनतो.”

मला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

त्यांनी चहा केला, गुडघा दाखवला, जिना उतरता येत नाही म्हणाल्या. प्रितम आला तो मला बघून दारातच थबकला. ऑफिस बंद झाल्यापासून प्रत्यक्ष भेटलोच नव्हतो. बारीक झालाय. बोललो ते एवढंच : हवा, गाडीची वेळ, मळवलीवरची भरलेली डिस्क. मावशींसमोर कसं सांगणार? निघते म्हटलं, तर स्टेशनपर्यंत सोडायला आला.

फलाटावर गाडीचा उजेड दिसायला लागला तेव्हा सांगितलं. “यादीत तुझं नाव नाही. दोन आठवडे झाले. ते तुला काढणार आहेत. आईचं ऑपरेशन आधी उरकून घे.”

चेहरा उतरला त्याचा. “हे सांगायला तू लोणावळ्याहून आलीस?”

“फोनवर कसं सांगणार?”

तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात गाडी आली. “सोमवारी बोलतो,” म्हणाला. खिडकीतून बघितलं तर पिठाचे हात घेऊन तसाच उभा होता.

सांगितलं ते बरंच केलं. जड गेलं, पण बरं केलं.

रविवार, २१

फोन नाही. त्याचं काय होत असेल! मीही केला नाही. सावरायला वेळ द्यायला हवा.

सोमवार, २२

दहाला कॉल लागला. तो म्हणाला, “मला कुणी काढलेलं नाही. राजीनामा मीच दिलाय, गणपतीच्या आधी. तुला कसं सांगू कळेना.”

पुण्यात नोकरी धरलीय. रोज ऑफिसात जायचं, चार माणसांत बसायचं. आईचा विमा तिकडेही आहे. पगार कमीच. इथे महिनाअखेरपर्यंत आहे, नुसतं काम दुसऱ्यांना समजावून द्यायला.

“मग सोडतोयस कशाला?”

“घरात बसून डोकं फिरायला लागलंय, रेणुका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलायला एक माणूस नसतो.”

मी “हं” म्हटलं. स्क्रिप्टमधली ती ओळ काढून टाकली आणि ‘हो’ टाइप केलं. मग नेहमीसारखे दोघंही कामाला लागलो.