दोन घरांची एक जोडी

चैत्र वद्य ३, शके १८५८. वाटूरजवळची वाडी.

वाटूरहून घोडीवर निघालो. वाटेत दोनदा डुलकी लागली. दुसऱ्या डुलकीत घोडी ठेचकाळली नि लसीची पेटी खडकावर आपटली. आठ कुप्यांतल्या दोनच शाबूत. एक कुपी एकाच जनावराला पुरते.

चपराशी रहीमभाई (पुढे र.भा. लिहीन, हात दुखतो) पेटीत बघून म्हणाले, "साब, बरफ का भी पानी हो गया." मग ओलं पोतं आत कोंबलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

नाल्यापलीकडच्या गावात बुळकांडी आहे. जनावरं हगून हगून मरतात. तिथून इथे दोन कोस. आज जालन्याला कळवून नव्या कुप्या मागवायला हव्यात. पण काय लिहू? सलोत्री, सरकारी गुरांचा डॉक्टर, घोडीवर झोपला होता? उद्या बघू.

चावडीपुढचा कडुनिंब फुललाय. त्या वासाने डोळे मिटतात.

वद्य ४

सकाळपासून चावडीत बसलो, कुणी फिरकलं नाही. पाटील तेवढे येऊन गेले. "सुई टोचली की बैल बसतंय म्हन्तेत लोकं. मंग पेरनीला काय करावं?" मी म्हणालो, बसत नाही. ही नवी लस, बकरीच्या अंगातून काढलेली, ताप येतो नि उतरतो. हैदराबादेत शिकताना उस्तादांच्या नजरेखाली टोचली होती. एकट्याने टोचण्याची ही पहिलीच वेळ, हे पाटलांना सांगितलं नाही.

कुणी येतच नाही, तर जास्तीच्या कुप्या तरी कशाला? असा विचार करून पत्र आजही लिहिलं नाही.

दुपारी गयाक्का आली. विधवा बाई, तीन एकर, एकच बैल. तांबडा, पवळ्या नाव. दुसरा बैल, हौश्या, दिराचा. कोंडिबाचा. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांच्या वाट्याला एकेक बैल आला. दोघांचं बोलणं बंद, पण सावड चालू. जोडी जुंपतात ती एकत्रच, एकट्या बैलाने कधी पेरणी झाली आहे?

अक्का म्हणाली, "माझ्या पवळ्याला टोचा. ह्यो गेला तर मी बी गेलेच."

टोचलं. पवळ्याने वळून माझ्याकडे पाहिलं. इतके शांत डोळे मी माणसात पाहिलेले नाहीत.

वद्य ५

हौश्यालाही टोचायला हवं. एक वाचून एक गेला तर उपयोग काय? कोंडिबाच्या गोठ्यावर गेलो. अक्का आपल्या दारात उभी, मधे नुसतं बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

कोंडिबा हौश्याकडे बघून म्हणाला, "हौश्या, सांग तिला, तू आदी टोचून घेतलंस, इचारलंस का आमाला?"

अक्का पवळ्याला म्हणाली, "पवळ्या, सांग त्यायला, दुखनं काय इचारून येतंय का?"

दोघं सहा वर्षं असंच बोलतात म्हणे. मला हसू आवरेना. कोंडिबा काही तयार होईना. शेवटी एवढंच सांगून आलो की टोचलेल्यापासून दुसऱ्याला लागण नको, म्हणून दहा दिवस दोन्ही बैल वेगळे बांधा, एका गव्हाणीला चारू नका, पाणीही वेगळं पाजा. शिकवलं तसं सांगितलं.

दोघांनी तंतोतंत ऐकलं. भांडणाऱ्या माणसांना वेगळं राहायला सांगितलं की फार बरं वाटतं.

वद्य ७

पवळ्याला ताप. १०४ च्या वर. अपेक्षितच होता. पण वैरणीला तोंड लावत नाही, रवंथ नाही. गाय-बैल रवंथ करत नसले की मला घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं.

गोठ्यात बसून राहिलो. उन्हं गवताच्या छपरातून गळत होती. वाटलं, मीच बैल आहे, मला कुणीतरी काहीतरी टोचलंय नि ते काय आहे ते मला सांगितलं नाहीये. जाग आली तेव्हा अक्का समोर होती. माझ्यासाठी ताक ठेवून गेली.

बाहेर लोक म्हणू लागलेत, सलोत्र्याने दुखणं आणलं. कुंपणापलीकडे हौश्या हंबरतो. पवळ्या मान उचलतो नि टाकतो.

र.भा. म्हणाले, "साब, वो बीमार है या उदास है?"

मी म्हणालो, बैल उदास होत नसतो. पुस्तकात नाही.

वद्य ८

सकाळी गोठ्यात गेलो तर पवळ्या नाही! कुंपणात बैल जाईल एवढी फट. काटे बाजूला सारलेले. पलीकडे कोंडिबाच्या गव्हाणीवर दोघं खांद्याला खांदा लावून उभे. पवळ्या खात होता. सावकाश, पण खात होता.

मी ओरडलो. पहिल्यांदाच ओरडलो इथे. कोंडिबा मान खाली घालून म्हणाला, "साहेब, म्याच काटं काडलं. बैलानं बैलासाठी रडून राह्यावं आन् मान्सानं आयकत ऱ्हावं, न्हाई झालं माज्याच्यानं."

हौश्या पवळ्याला चाटत होता. त्या चाटण्यातून काही गेलं असेल तर आता गेलंय. मला खरंच कळलं नव्हतं, पवळ्याचा ताप किती नि एकटेपणा किती. शिकवताना कुणी सांगितलं नाही.

कोंडिबा म्हणाला, "टोचा आता ह्याला बी."

शेवटची कुपी. बर्फ गेल्याला पाच दिवस झाले, चैत्राचं ऊन. आत लस जिवंत आहे की नुसतं पाणी उरलंय, मला माहीत नाही. पवळ्याचं निभावलं, पण ही आणखी चार दिवस तापलेली. तरी टोचली.

वद्य १०

पवळ्याने रवंथ सुरू केला. मी तिथेच उकिडवा बसून मोजत राहिलो. जबडा डावीकडे, उजवीकडे. सगळं जग हळू झालं. अक्का हसली, मीही. किती वेळ गेला माहीत नाही.

संध्याकाळी खालच्या वस्तीवर एक कालवड गेली. बुळकांडीच. साथ नाला ओलांडून आली.

वद्य ११

हौश्याला ताप चढलाय. लसीचा की बुळकांडीचा, तिसऱ्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात. डोळ्यांतून पाणी. हेही दोन्हींत येतं.

कोंडिबाने सरळ विचारलं, "साहेब, खरं सांगा. औषद जित्तं व्हतं का?"

मी म्हणालो, माहीत नाही. मग सगळंच सांगितलं. डुलकी, पेटी, सहा फुटक्या कुप्या, जालन्याला न लिहिलेलं पत्र. आता हा मारतो, असंच वाटलं.

तो हौश्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "सरकारी मानूस माहीत न्हाई म्हन्ला, असं पैल्यांदाच आयकून राह्यलो." उठून गावात गेला.

आज पत्र लिहिलं. त्यात डुलकीही लिहिली.

वद्य १२

र.भा. पत्र घेऊन उजाडायच्या आत वाटूरला गेले, तिथून मोटारीने जालना. उद्या संध्याकाळच्या आत परत येणं कठीण.

हौश्या बसलाय. रवंथ नाही. ताप तेवढाच.

चावडीत आलो नि दारातच थांबलो. निंबाखाली जनावरं उभी. खाटेवर निजलेल्या पोरासारखं एक वासरू मालकाच्या पायाशी. पाटलांची खिल्लारी जोडी, मागे म्हशी, अक्काची शेजारीण गाय घेऊन. कोंडिबाने रात्रीतून घरोघर सांगितलं, ह्यो मानूस खोटं बोलत न्हाई. पाटील म्हणाले, "आनलेत समदे. सांगाल त्या नंबरानं टोचा."

मी पेटी उघडून दाखवली. आत ओलं पोतं, बाकी काही नाही; नव्या कुप्या लवकरात लवकर उद्या संध्याकाळी, हेही सांगितलं.

कुणी शिवी दिली नाही. पाटील म्हणाले, मंग बसतो. मी सगळ्यांना लांब लांब बांधायला लावलं, एकमेकांना शिवणार नाहीत असं. सावली पुरेना, तरी बांधलं. दुपार झाली. अजून बसलेत.