सराईचं गेट

४ डिसेंबर २००३
गेटचा खरा खर्च: अँगल माझ्याच गोडाऊनातले, वेल्डर माझ्याच पगारावरचा, रंग शाळेच्या कामातून उरलेला. खिशातून गेलं ते चहा-भज्यांचं. पाटीवर माझं नाव मात्र अख्खं, बापासकट.
दर्ग्याच्या सराईतल्या, मुक्कामी मुसाफिरांसाठीच्या सतरंज्या चोरीला गेल्यापासून कमिटीचे अध्यक्ष मागंच लागले होते. आजीला गावची विहीर बंद होती, तेव्हा घरात पाणी सराईच्या विहिरीचं यायचं. तेवढं तरी...

७ डिसें.
बसवलं. सौंदडहून लोक पाहायला आले. मी म्हटलं, "मोगलाईतलं काम आहे हे सराईचं. याचा दगड न् दगड मले माहीत आहे."
दर्ग्याचे मुजावर चाचा विहिरीच्या काठावर बसून. म्हणाले, "भाऊ, सराय को दरवाजा नहीं रहता. मुसाफिर टाइम देख के आता क्या?"
अध्यक्ष: "चाचा, तुमी चादरीचं पाहा ना."
सगळे हसले. मीही. चाबी अध्यक्षांकडं, अंधार पडला की कुलूप.

१८ डिसें.
थंडी वाईट. धान चुरणं, मळणी सुरू, छत्तीसगडकडचे मजूर येऊन राहिले.

१९ डिसें.
सकाळीच बोलावणं. म्हातारा मजूर गेटला टेकून बसलेला. गेलेला. रात्रीच्या गाडीनं सौंदडला उतरून नवराबायको दरसालासारखे इथं मुक्कामाला आले होते. चाचांचं घर मागं, कान अधू. हाका पोचल्या नाहीत.
बाई गज धरून येईल त्याला विचारे, "ताला काबर लगाय हव?" कुलूप कशाला लावलं म्हणून.
हवालदारानं पाटी वाचली, मग माझ्याकडं पाहिलं.

२१ डिसें.
अध्यक्षांना म्हटलं, काढतो गेट. "काऊन? बुढा बिमारच असन. आता ते कमिटीचं आहे, ठराव लागते." ठराव कधी म्हटलं, तर "पाहू."
चाचा कालपासून कांबळं घेऊन गेटच्या बाहेर झोपतात. या वयात. म्हटलं, आत या. म्हणाले, "आत जायले चाबी लागते." पहिल्यांदाच माझ्याशी मराठी बोलले.

२२ डिसें.
वेल्डरला घेऊन गेलो, नुसतं पाहायला. अध्यक्षांचा माणूस उभाच होता. गेटला हात लावू दिला नाही.
मग जुनी दगडी चौकट वरून खालपर्यंत चाचपली. आमच्या ड्रिलची भोकं सोडली तर दगडात बिजागरीची खाच नाही, अडसराची नाही. बांधणाऱ्यानं इथं दार ठेवलंच नव्हतं.