इमारत कोसळताना विनोद

रविवार संध्याकाळ, मुलुंड

आज चार महिन्यांनी मिलिंद मोठ्याने हसला आणि मी त्याच्यावरच चिडले. काय बाई मी!

माझा नवरा अग्निशमन दलात. ड्यूटीवर हात भाजल्यापासून घरातच आहे. डॉक्टरांनी कामावर जा म्हणून सांगून पंधरा दिवस झाले, पण हा विषयच काढत नाही. म्हणून आज ओढून सुपरहिरोच्या सिनेमाला नेलं. पडद्यावर इमारत कोसळतेय, माणसं अडकलीयत, हिरो जोक मारतोय आणि मिलिंद खो खो हसतोय. मला असलं अजिबात पटत नाही. संकट गंभीरपणेच दाखवावं ना?

बाहेर आल्यावर म्हटलं, "अशा वेळी कुणी जोक मारतं का रे?"

"मी मारतो ना," तो म्हणाला. "एकदा पाचव्या मजल्यावर एक आजी ग्रिल सोडेना. धूर वाढत होता. म्हटलं, आजी, रिक्षावाला वर यायला नाही म्हणाला, म्हणून मीच आलोय. ती हसली आणि हात सोडला."

"तू घाबरला नव्हतास?"

"जाम घाबरलो होतो. म्हणून तर जोक मारला."

लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि हे मला आज कळतंय. मघापासून तो रिक्षावालाच डोक्यात आहे. मग सिनेमावाले बरोबर? असतीलही. हिरोची भीती तेवढी दिसू दे, मग खुशाल हसवा.

आत्ता त्याने फायर स्टेशनला फोन केला. "साहेब, उद्या सकाळी येतो." मग माझ्याकडे बघितलं. मी जाम घाबरले, म्हणून तर हसले.