शोभेचं बटन

३ ऑक्टोबर, शुक्रवार. वडवणी.

काल दसरा. घरातल्या सगळ्या यंत्रांची यथासांग पूजा केली. मोटरसायकल, मिक्सर, बायकोची म्हणजे छबूची शिलाई मशीन, आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला टिळा कुठं लावायचा ही दरवर्षीची अडचण. मोठ्या बटनावर लावला की चालू करताना बोटाला येतो. यंदा मार्ग सापडला. मोठ्या बटनाखाली एक बारकं गोल बटन आहे. कामाचं काही नाही, कंपनीनं शोभेला दिलं असावं. हळदकुंकू तेलात कालवून तिथं अंगठ्यानं दाबून लावलं. लई छान बसलं. वर चार अक्षता.

आज कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन आपोआप चालू झाला. दोनदा. व्हायरस, दुसरं काय! मी लगेच ओळखलं. बाजार समितीत हेडक्लार्क असताना कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे. मेकॅनिक वगैरे लागणार नाही. रविवारपर्यंत विषय संपवतो.

४ ऑक्टोबर

आनंदाची बातमी! पुण्याच्या कंपनीची लेखी परीक्षा स्वप्नाली पास झाली. आता फक्त शेवटचा इंटरव्ह्यू, पंधरा तारखेला, ऑनलाइन. पोरगी कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी, फर्स्ट क्लास, आणि दोन वर्षं झाली, घरात आल्यागेल्याला चहा करते. लोक विचारतात तेव्हा ती आत जाते. मेल वाचून दाखवताना तिचा आवाज कापत होता. मला रडू आलं. छबूसमोर नको म्हणून मोटरसायकल पुसायला गेलो. पुसलेलीच होती.

स्वप्नालीचं म्हणणं, बीडला करिष्माकडं जाऊन इंटरव्ह्यू देते, तिच्याकडं सगळं व्यवस्थित आहे. करिष्मा म्हणजे तिची कॉलेजची मैत्रीण. मी साफ नाही म्हणालो. घरात कॉम्प्युटर असताना परक्याच्या दारात? मग हा घेतला कुणासाठी? शब्द दिला. पंधरा तारखेला कॉम्प्युटर हूं की चूं करणार नाही.

५ ऑक्टोबर, दुपार

अँटीव्हायरस टाकला. स्कॅन संपतच आलं होतं, रिस्टार्ट. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा रिस्टार्ट. व्हायरस घाबरलेला दिसतो. चांगली खूण आहे.

६ ऑक्टोबर

मनस्ताप. स्वप्नाली म्हणाली, बाबा, ते रिसेटचं बटन असतं, त्याला कुंकू नका लावू, आत जाऊन चिकटतं. मी भडकलो. दोन बुकं शिकली की देवसुद्धा अडचणीचा होतो का? माझे वडील इंजिनाला कुंकू लावायचे, ते इंजिन कधी अडलं नाही. (अडायचं, पण ते डिझेलमुळं.) छबू म्हणाली, कावून पोरीवर वराडता, ती तेच शिकून आलीय न्हाई का? दोघींना शांतपणे सांगितलं, की या घरात हार्डवेअर खातं माझ्याकडं आहे. शांतपणे म्हणजे शेजारी ऐकू गेलं.

संकल्प: दसऱ्याची एक दिवसाची पूजा कमी पडत असावी. उद्यापासून रोज सकाळी टिळा लावूनच कॉम्प्युटर सुरू.

८ ऑक्टोबर

खरा आजार सापडला. व्होल्टेज! व्हायरस हा गैरसमज होता, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. बाजारातून स्टॅबिलायझर आणला. कॉम्प्युटर चालू असताना मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर बंद, असा आदेश काढला. छबू म्हणाली, दिवाळी तोंडावर आलीय, चटणी काय तुमच्या डोक्यावर वाटू? आदेश कायम ठेवला.

संध्याकाळी मिक्सर बंद, मोटर बंद, पंखासुद्धा बंद. घाम पुसत बसलो. रिस्टार्ट.

९ ऑक्टोबर

चमत्कार! सकाळी टिळा लावून गावात गेलो, दुपारी आलो तर स्वप्नाली शांतपणे अभ्यास करतेय. सकाळपासून एकदाही बंद पडला नाही म्हणे. स्टॅबिलायझरला रुळायला एक दिवस लागतो, हे कुठं लिहिलेलं नसतं. अनुभवानंच कळतं.

ता. क. संध्याकाळी बघतो तर टिळा गायब. वाळून पडला असणार. तेल वाढवून पुन्हा लावला, चांगला दाबून. जेवायच्या आत तीन रिस्टार्ट. स्टॅबिलायझर लोकल निघाला.

११ ऑक्टोबर, शनिवार

नाइलाजानं मेकॅनिक. स्वप्नालीनं कॉम्प्युटरचा डबा स्वच्छ पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून दिला. यष्टीत मांडीवर घेऊन बीडला गेलो. एका म्हातारीनं विचारलं, लेकरू आजारी हाय का? हो म्हणालो.

दुकानदार पंडित. पोरगेला दिसतो. त्यानं डबा लावला. एक तास बघितलं, दोन तास बघितलं. ढिम्म बंद पडेना! मी चारदा थापट्या मारल्या, तरी नाही. पंडित म्हणाला, काका, मशीन एकदम ओके हाय, कावून आणलं? भर दुकानात माझी शोभा. एवढं सिद्ध झालं, की दोष वडवणीच्या विजेत आहे. बीडची वीज चांगली. मोठ्या लोकांचं गाव.

घरी आल्यावर छबूकडून डब्यावरून भाकरतुकडा ओवाळून घेतला. प्रवासाची दृष्ट. मग दारातच टिळा. स्वप्नाली बघत होती. चादरीची घडी घालून आत गेली. शहाणी होत चाललीय.

चालू केला. रिस्टार्ट.

१४ ऑक्टोबर

पूर्वतयारी पूर्ण. टेबल पूर्वेकडं फिरवलं. डब्याखाली चार विटा, वर ओला टॉवेल (नंतर काढला, छबूनं शिव्या घातल्या). कॉम्प्युटर परवापासून सुरळीत आहे. स्वप्नालीनं करिष्माबरोबर सराव केला. दारामागून ऐकलं. काय इंग्रजी बोलते! मला निम्मं कळलं नाही आणि छाती भरून आली. तिनं पुन्हा विचारलं, सकाळच्या गाडीनं बीडला जाऊ का? सगळं ठीक चाललंय तर कशाला? विश्वास ठेव म्हणालो. हो म्हणाली.

१५ ऑक्टोबर

सकाळपासून घरातलं सगळं बंद. फ्रीजसुद्धा. छबू चिवड्याचे पोहे मांडीवर घेऊन अंधारात बसलेली. स्वप्नालीनं देवाला नमस्कार केला, माझ्या पाया पडली. अकराला खुर्चीत बसली. आणि माझ्या लक्षात आलं, की आज नेमका टिळा जागेवर नाही! सकाळी तर लावला होता. धावत जाऊन वाटी आणली. ती म्हणाली, बाबा, आज नको. मी म्हणालो, आज नाही तर कधी? चांगला बोटभर लावला. हनुमानाचा शेंदूरही घातला त्यात.

इंटरव्ह्यू सुरू. पहिला प्रश्न झाला. दुसऱ्याचं उत्तर अर्ध्यावर, स्क्रीन काळी.

मी म्हणालो, घाबरू नको, मी आहे. पुन्हा चालू झाला. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई समोरून हसल्या, म्हणाल्या, होतं असं. पुन्हा काळी. मोबाइलवर जोडायला बघितलं तर घरात रेंज नाही. तिसऱ्या वेळी स्वप्नाली खाली वाकली, ओढणीच्या टोकानं टिळा पुसायला लागली. मी तिचा हात धरला. आजच्या दिवशी देवाचं पुसू नये. तिनं माझ्याकडं बघितलं. मग ओढणी सोडली.

चौथ्या वेळी बाई म्हणाल्या, आम्ही कळवतो.

सगळा दोष वीज खात्याचा. तक्रार करणार.

१६ ऑक्टोबर

तक्रारीचा मसुदा केला. कडक आहे. टाइप करताना रिस्टार्ट झाला. हातानं लिहितो.

स्वप्नाली जेवली नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

मेल आला. दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. स्वप्नालीनंच वाचून दाखवला. या वेळी आवाज कापत नव्हता. तेच मला सहन झालं नाही. मी म्हणालो, कंपनी बोगस असणार. ती म्हणाली, हो बाबा.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

धनत्रयोदशीपासून पूजेला हात लागला नाही. मन नव्हतं. या चार दिवसांत कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. छबू दिवसभर मिक्सर फिरवते, मोटर चालू, इस्त्री चालू. स्टॅबिलायझरसुद्धा मी परवाच काढून ठेवलाय. कॉम्प्युटर आपला चालू. त्याच्यावर काम मात्र कुणाला नाही.

छबूला म्हणालो, व्होल्टेज सुधारलेलं दिसतं. तिनं करंजीचं पीठ तसंच टाकलं. म्हणाली, तुमी रोज लावायचात, अन् पोरगी रोज तुमी बाहेर पडले की ओल्या फडक्यानं पुसायची, काडीनं कोरून काढायची. म्हणून चालायचा तो. बीडला नेला तवाबी तिनंच पुसला. त्या दिवशी तुमी ऐन टायमाला लावला.

मी म्हणालो, मग मला सांगितलं कावून न्हाई? छबू म्हणाली, सांगितलं की. तुमी वराडलात.

संध्याकाळी पाहुणे आले. स्वप्नालीनं चहा केला. दोघांनी विचारलं, हल्ली काय करते? ती आत गेली.

पूजेचं ताट घेऊन कॉम्प्युटरसमोर उभा राहिलो. अंगठ्याला कुंकू, आणि लावायचं कुठं ते सुचेना. स्वप्नाली रिकामे कप घेऊन चालली होती, थांबली. म्हणाली, बाबा, स्क्रीनच्या वरच्या कडेला लावा. तिथं लावलेलं चालतं.

लावलं. तेल जास्त झालेलं, ओघळ खाली यायला लागला. तिनं कप ठेवले आणि ओढणीच्या टोकानं तो पुसला. मी हात धरला नाही.