सुनेच्या नावे झालेल्या दुकानाला मुलाची हरकत

प्रति,
मा. मालमत्ता नोंदणी अधिकारी,
मालमत्ता नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याकडील बाजू.

अर्जदार : मयत शिंपीमास्तरांचा मुलगा. नोकरी : पाणीपुरवठा कार्यालयात जावक लिपिक.
प्रतिवादी : मयतांची सून. पत्ता : अर्जदाराचाच.

विषय : मृत्युपत्रान्वये शिलाईचे दुकान सुनेच्या नावे लावण्यास घेतलेल्या हरकतीबाबत सविस्तर लेखी खुलासा.

संदर्भ : १) अर्जदाराचा हरकत अर्ज. २) मागील सुनावणीत आपण दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

मागील सुनावणीत आपण चष्मा काढून अर्जदारास विचारले होते, की सुनेने सासऱ्यांवर अनुचित प्रभाव टाकला म्हणजे नेमके काय केले, ते मोघम न लिहिता पुराव्यासह लिहून द्या. त्यानुसार हा खुलासा सादर आहे. दुसऱ्यांची पत्रे पाकिटात घालण्यात अर्जदाराची हयात गेली. स्वतःच्या घरचे पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तरी चूकभूल पोटात घालावी.

१. अर्जदाराचे कै. वडील, ज्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणत, यांचे शिलाईचे दुकान आहे. पुढे कापड बेतायचे लांब टेबल, मागे दोन मशीन, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा आणि एक उभा आरसा, असे त्याचे स्वरूप आहे. मास्तरांनी दोन साक्षीदारांना बरोबर घेऊन आपल्याच कार्यालयात मृत्युपत्र नोंदवले. त्यात दुकान व दोन्ही मशीन सुनेला, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीला दिली आहेत. अर्जदाराच्या ताईला आईचे दागिने मिळाले. अर्जदारास भिंतीवरचे घड्याळ मिळाले, ते चालू स्थितीत आहे.

२. येथे प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे, की मास्तरांनी अर्जदारास लहानपणी शिलाई शिकवण्याचा पुष्कळ खटाटोप केला होता. अर्जदाराने एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. त्यावर मास्तर रागावले नाहीत, नुसते “तू आपला शिक बाबा, परीक्षा दे,” असे म्हणाले. तेव्हापासून अर्जदार दुकानात फक्त सुईत दोरा ओवून देण्यापुरता जात असे.

३. दुकान सुनेच्या नावे होत असल्याची आपल्या कार्यालयाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली, तेव्हा अर्जदाराच्या कार्यालयात तिचे कात्रण काचेखाली लावण्यात आले. “वहिनींना भाडं वेळेवर देतोस ना?” अशी विचारणा आवक लिपिकाने सर्वांसमक्ष केली. अर्जदार हसला. घरी येऊन जेवला नाही. त्याच दिवशी ताई व मेहुणे आले. ताई म्हणाली, “अरे, स्वतःच्याच घरात घरजावई झालास की रे तू!” मेहुण्यांनी समजावले, की मृत्युपत्र रद्द झाले की दुकान बहीण-भावांत निम्मे निम्मे होईल आणि त्यासाठी फक्त ‘अनुचित प्रभाव’ असे दोन शब्द लिहावे लागतील. अर्जदाराने ते लिहिले. ताईने जबरदस्ती केली असे म्हणून सुटण्याची सोय नाही, कारण पेन अर्जदाराचे होते आणि राग पण त्याचाच होता. आपल्या बापाने आपल्याला नापास केले आणि तेही जगजाहीर, हे त्याला सहन झाले नाही.

४. हरकत दाखल झाल्यावर आपल्या कार्यालयाने नियमाप्रमाणे प्रतिवादीस नोटीस पाठवली. पोस्टमन आला तेव्हा प्रतिवादी दुकानात होती, त्यामुळे ती नोटीस अर्जदारानेच सही करून घेतली व वर्तमानपत्राखाली सरकवून ठेवली. ताटे मांडताना ती तिच्या हाती लागली. तिने उभ्याउभ्या वाचली, घडी घातली आणि विचारले, “सुनावणीला दिवसभर लागेल का? डबा करू का?” अर्जदार “बघू” म्हणाला. सुनावणीच्या दिवशी दोघे एकाच स्कूटरवरून आले व आपल्या दालनाबाहेर एकाच बाकावर बसले. डबा एकच होता.

५. आता प्रभावाचे मुद्दे.

(अ) शेवटची काही वर्षे मास्तरांचे हात थरथरत. अर्जदार व ताई त्यांना “पडून राहा, विश्रांती घ्या,” असे म्हणत. प्रतिवादी मात्र रोज सकाळी “बाबा, नाटकं पुरे, गिऱ्हाइकं माझ्या नावाने शंख करतात, उठा,” असे दरडावून त्यांना दुकानात घेऊन जाई. मास्तर कुरकुरत, पण तिच्या आधी चपला घालून उभे राहत.

(ब) गिऱ्हाइकासमोर ती मास्तरांशी मुद्दाम वाद घालत असे. पँटची लांबी, खिशाचा तिरपेपणा, काहीही. शेवटी “बरं बाई, तुझंच खरं,” असे मास्तर म्हणत आणि गिऱ्हाईक गेले की दोघे हसत. अर्जदाराशी मास्तर असे कधी हसले नाहीत. हा पुरावा धरता येईल की नाही याची कल्पना नाही.

(क) मुख्य मुद्दा हाच आहे, ज्यावर हरकत उभी आहे. मास्तरांनी सकाळी शिवलेले कपडे, दुपारी ते डुलकी घ्यायला घरी गेले की, प्रतिवादी उसवीत असे आणि पुन्हा शिवून, इस्त्री करून टेबलावर ठेवीत असे. त्यांचे टाके सापासारखे वळत, ती सरळ करी. मास्तर परत आले की त्यांना वाटे, काम आपलेच आहे. एकदा कार्यालय लवकर सुटले म्हणून अर्जदार दुकानात गेला, तेव्हा ती मांडीवर पँट घेऊन उसवीत बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवले. मग म्हणाली, “त्यांना कळलं तर ते मशीनला हात लावायचे नाहीत. कुण्णाला सांगू नका हं, अगदी ताईंनासुद्धा.” अर्जदाराने मान डोलावली होती.

तीच गोष्ट अर्जदाराने हरकत अर्जात ‘मयतांची सातत्याने केलेली फसवणूक’ या शीर्षकाखाली लिहून दिली. तिने विश्वासाने सांगितलेले त्याने सरकारी कागदावर टंकलिखित केले, तीन प्रतींत.

६. सुनावणीत आपण प्रतिवादीस विचारले, की हे खरे आहे का? ती “हो” म्हणाली. पुढे म्हणाली, “फसवलंच मी त्यांना. त्यांना वाटलं ते अजून शिवतायत. त्या भ्रमात त्यांनी दुकान दिलं असेल तर मला ते नको. सांगाल तिथे सही करते.” आपण तिला विचार करून पुढील तारखेस सही करण्यास सांगितले. त्या वेळी ती जमिनीकडे बघत होती. अर्जदार तिच्याकडे बघत नव्हता. सुनावणीस आलेल्या मेहुण्यांनी जिन्यात अर्जदाराची पाठ थोपटली. “आपण होऊन कबूल झाली, आता काय राहिलं? फक्त एखादी पँट पुरावा म्हणून आण,” असे ते म्हणाले. परत येताना स्कूटरवर तिने नेहमीप्रमाणे खांद्यावर हात ठेवला नाही, मागची दांडी धरली.

७. पुरावा गोळा करण्यासाठी अर्जदार मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे गेला. तो प्रकार सांगायलाही लाज वाटते. औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत “तुमची पँट हवी होती,” असे म्हणावे लागले. औषधवाल्याने आधी ऐकलेच नाही, मग सगळ्यांनी ऐकले. निवृत्त मुख्याध्यापकांनी पँट दिली, पण कशासाठी ते विचारले. अर्जदाराने ‘माझ्या बायकोविरुद्ध’ असे उत्तर दिल्यावर त्यांनी अर्जदारास नखशिखांत न्याहाळले आणि पाणीसुद्धा न विचारता दार लावून घेतले. बँकेच्या सुरक्षारक्षकाने कामावर घालायची एकुलती एक पँट काढून दिली व स्वतः भावाची आखूड पँट घालून गेला. “मास्तरांच्या पोराला नाही कसं म्हणणार,” असे तो म्हणाला. हे सर्वांत जड गेले.

८. अर्जदाराने या पँट घरी नेल्या नाहीत. मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या दप्तरखोलीत बसून त्या उलट्या करून तपासल्या. शिपाई आत डोकावला, लोकांच्या पँटमध्ये डोके घालून बसलेला जावक लिपिक पाहिला आणि दार लोटून निघून गेला. उसवल्याच्या जुन्या भोकांच्या रांगा अर्जदारास दिसल्या. पुरावा मिळाला, असे वाटून त्याला क्षणभर आनंदही झाला. हे लिहिले नाही तर खुलासा अपुरा राहील.

त्यानंतर त्याने कमरपट्टीच्या आत पाहिले.

मास्तरांच्या दुकानात एक रीत होती. कपडा इस्त्री होऊन घडी घालण्याआधी मास्तर स्वतः आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, एक फुलीचा टाका घालत. ज्याने शिवले त्याच्या रंगाचा. तक्रार आली तर काम कुणाचे हे कळावे म्हणून. मास्तरांचा स्वतःचा रंग पांढरा. पूर्वी असलेल्या दोन कारागिरांचे रंग निळा आणि तपकिरी. काजे-बटणे करणाऱ्यांना रंग नसे, कारण त्यांचे काम शिलाईत धरत नसत. प्रतिवादी काजे-बटणेच करायला म्हणून दुकानात आली होती. तिला रंग नव्हता. या सुया अर्जदारानेच लहानपणी ओवून दिलेल्या असल्याने त्याला रंग पाठ आहेत.

औषधवाल्याच्या पँटमध्ये पिवळी फुली निघाली. मुख्याध्यापकांच्याही आणि रक्षकाच्याही. पिवळा रंग दुकानात कुणाचाच नव्हता. आणि फुली वेडीवाकडी होती, एक पाय लांब, एक आखूड, दोरा दोनदा एकाच भोकातून गेलेला. असा टाका त्या दुकानात एकच माणूस घालू शकत होता. मास्तरांचे हात गेले होते, पण डोळे शाबूत होते. आपली वाकडी शिवण दुपारनंतर सरळ होते, हे तीस-चाळीस वर्षे कापड हाताळलेल्या माणसास कळले नसेल, असे अर्जदाराने कसे धरले, हे त्याचे त्यालाच समजत नाही. त्यांना कळले होते. त्यांनी तिला रंग दिला आणि तिला सांगितले नाही. सांगितले असते तर ती ओशाळली असती आणि उसवणे बंद केले असते. तिला वाटे आपण त्यांना सांभाळून घेतो. ते पण तिला सांभाळून घेत होते. घडी घालायचे काम मास्तर कुणाला करू देत नसत, त्यामुळे ती फुली तिने आजवर पाहिलेली नाही.

दप्तरखोलीत अर्जदार बराच वेळ रडला. हे कार्यालयीन वेळेत घडले, त्याची अर्धी रजा टाकलेली आहे.

९. सबब, मयतांनी मृत्युपत्र कोणत्याही भ्रमात केले नसून पुरते जाणून-समजून केले आहे. त्यांच्यावर प्रभाव पडला होता हे खरे, परंतु त्यात अनुचित काहीही आढळले नाही. अर्जदार आपली हरकत बिनशर्त मागे घेत आहे. ताईस हे फोनवर कळवले. “बाबांनी माझ्यासाठी कधी काही शिवलं का रे शेवटी?” एवढेच विचारून तिने फोन ठेवला.

१०. विनंती अशी, की पुढील तारखेस प्रतिवादी दुकान नको असल्याची सही करण्यास येईल. ती सही कृपया घेऊ नये. त्याआधी सोबतच्या पँट उलट्या करून, कमरपट्टीची आतली बाजू तिला आपण स्वतः दाखवावी. हे काम आपल्या अखत्यारीत येत नाही याची अर्जदारास जाणीव आहे. घरी सांगण्याचा त्याने दोनदा प्रयत्न केला. एकदा ती भांडी घासत होती, एकदा नुसतीच बसली होती. दोन्ही वेळा त्याने पाण्याचा ग्लास मागितला. ज्या तोंडाने फसवणूक म्हटले त्या तोंडाने हे सांगितले तर तिला ती मलमपट्टी वाटेल. आपल्या तोंडून तिला ते खरे वाटेल.

त्या वेळी अर्जदार दालनाबाहेर बाकावर बसेल. आत बोलवायचे की नाही, ते तिने ठरवावे.

आपला खजील,
मयत मास्तरांचा मुलगा
(सही)

दिनांक : ११ फेब्रुवारी

सोबत :
१) औषधवाल्याची पँट, काळी. खूण : पिवळी.
२) निवृत्त मुख्याध्यापकांची पँट, करडी. खूण : पिवळी. घडी मोडू नये अशी त्यांची ताकीद आहे.
३) बँकेच्या सुरक्षारक्षकाची पँट, निळी. खूण : पिवळी. त्याला कामावर जायचे असल्याने ही तिला दाखवून झाली की त्याच दिवशी परत मिळावी.
४) अर्जदाराची स्वतःची पँट, तपकिरी. मागील सुनावणीस अर्जदार हीच घालून आला होता. हा अर्ज पाकिटात घालताना आठवले म्हणून उलटी करून पाहिली. खूण : पिवळी.