सहा सिनेमांतली सहा पोरं

चेन्नई, मंगळवार

हाजरा आपा, सलाम.

फोनवर बोलताना अब्बा तुझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहितोय. माझं बरं चाललंय. जेवण वेळेवर होतं, खोकला गेल्यातच जमा आहे. अम्मीचा गुडघा कसा आहे?

सध्या एका जुन्या दिग्दर्शकाच्या सहा सिनेमांची सफाई करतोय. कॉम्प्युटरवर एकेका चित्रावरची धूळ, ओरखडे काढत बसायचं. डोळे पार थकून जातात. सहाही सिनेमांत एक पोरगा घर सोडून शहरात जातो, तिथे कुणाचाच होत नाही आणि शेवटी मरतो. या माणसाला दुसरं काही सुचायचंच नाही का? मरण्याआधी तो पोरगा दर वेळी गावापर्यंत येतो, लांबून घर बघतो आणि मागे फिरतो. त्याची ती फिरलेली पाठ मी महिनाभर साफ करतोय.

आपा, रमजान ईदला सुट्टी मिळाली नाही म्हणालो, ते खोटं होतं. आदल्या दिवशी मी आपल्या कशेळ्याच्या नाक्यावर उतरलो होतो. अब्बा दुकानापुढे पाणी मारत होते. दुकान सोडून चेन्नईला निघालो तेव्हा ते ‘परत तोंड दाखवू नकोस’ बोलले होते, ते आठवलं आणि त्याच जीपने कर्जतला परत गेलो.

बकरी ईदला येतोय, तिकीट काढलंय. आदल्या दिवशी दुपारी पोचेन. तू नाक्यावर येऊन थांब. अब्बा आले तर बघ, जबरदस्ती नको.

त्या सहांपैकी एकालाही न्यायला कुणी आलेलं नसतं गं.

तुझा
तौकीर