चिठ्ठ्या लावलेल्या घराची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, निवृत्त जुळारी, हे मृत्युपत्र आपल्या मर्जीने व पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. पत्नीचे म्हणणे, "शुद्धीवर आहात, पण जागेवर नाही." तेही नोंदवतो. शाळेच्या पुस्तकांच्या छापखान्यात चाळीस वर्षे कवितांच्या अक्षरांचे खिळे उलटे जुळवले. माणूस थोडा कुठेतरी राहून जायचाच.

आधी एक कायदेशीर अडचण. अडीच वर्षांपूर्वी पत्नीला अंडाशयाचा कर्करोग झाला. आपल्यामागे कोणती वस्तू कोणाची, याच्या चिठ्ठ्या तिने घरभर चिकटवल्या. मग उपचार संपले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सध्या आजार दिसत नाही." त्या 'सध्या'पायी चिठ्ठ्या काढायचा धीर होत नाही. एक माझ्या कोटालाही आहे: "हे लेकीकडे. सकाळी आधी चहा, मग बोलणे. कविता सुरू केली तर दोन कडवी ऐकावीत, तिसऱ्याला उठावे." देऊन टाकलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येते का, असे वकिलांना विचारले. ते म्हणाले, "काका, घरात कोणी मोठं माणूस आहे का?"

१. घर पत्नीचे.

२. कपाटावर माझ्या बहिणीची चिठ्ठी आहे. ती दर महिन्याला येऊन ते पुसून जाते. परवा म्हणाली, "वहिनी, माझ्या कपाटात ओले टॉवेल कोंबू नकोस गं."
"अगं, मी आहे अजून!"
"आहेस ते चांगलंच झालं. पण लाकूड फुगतं ना!"
कपाट पत्नीकडेच राहील. बहिणीला पुसायचे फडके द्यावे.

३. शिशाच्या खिळ्यांची पेटी जावयाला. माझ्या प्रत्येक कवितापठणाला तो न ऐकताच "छान, छान" म्हणत आला. आता कवितेचे वजन उचलून बघू दे.

४. मागे मीच राहणार, असे धरून मी बटणे लावायला शिकलो, कुकरला घाबरेनासा झालो. आता तिचे वजन वाढते आहे आणि जिना चढताना धाप मला लागते. एवढा सराव फुकट जाईलसे दिसते. तेव्हा मी आधी गेलो तर दर तीन महिन्यांचे ते चार दिवस, तिचे रक्त तपासायला दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे, मी लेकीच्या नावे करतो. पाकीट पत्नीच्याने उघडवत नाही. मी उघडतो आणि धंद्याच्या सवयीने शेवटच्या ओळीपासून वर वाचतो. आकड्यापर्यंत पोचेतो चेहरा ताब्यात येतो. बाळ, तूही तसेच वाच. त्या चार दिवसांत आईला धीर देऊ नकोस, भांडण काढ. भांडताना ती सगळे विसरते.

हे वाचून दाखवले तेव्हा पत्नी म्हणाली, "उद्या रिपोर्ट येतोय. सही तोवर थांबवा. काय येतं ते बघून लिहा." मी म्हटले, "अगं, उद्या काहीही आलं तरी यातला एक शब्द बदलायचा नाही." असे म्हणून सही केली.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही), आमच्या डॉक्टरीणबाई (सही).

घर तिला दिलेले असल्याने पत्नीला साक्षीदार होता येत नाही. तिने तरीही सही केली आहे.

स्थळ: जेवणाचे टेबल.
दिनांक: रिपोर्टच्या आदला दिवस, दुपारचे चार.